रोजच्या वापराला जुनी जर्मन डिझेल गाडी: लिटरमागे किलोमीटर एवढाच हिशोब धरू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून तुमच्या पत्रांच्या पानात सध्या जो वाद चाललाय तो मी रोज वाचतोय. त्यात जुन्या गाड्यांचा विषय निघाला म्हणून हे पत्र. मी सोलापुरात डिझेल पंप-नोझलचं, म्हणजे इंजिनात डिझेल ढकलणारा पंप आणि ते फवारणारा नोझल यांच्या दुरुस्तीचं काम करतो, ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रॅक्स, बोअरची गाडी असं सगळं माझ्याकडे येतं, आणि हल्ली एक नवीन गिऱ्हाईक यायला लागलंय. पंचवीस-तीस वर्षांची पोरं, कुणी चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला, कुणाचा टॉवेल-चादरीचा धंदा, मोबाईलवर पॉलिश केलेल्या जुन्या मर्सिडीज नाहीतर फोक्सवॅगनच्या बीटल बघून येतात आणि विचारतात, काका, जुनी जर्मन गाडी घ्यायचीय, रोज वापरायचीय, मायलेज देणारी कुठली घेऊ. नुसतं नाव सांगून या प्रश्नाचं उत्तर होत नाही. अर्धी माहिती घेऊन पोरं लाखो रुपये अडकवून बसतात आणि मग गाडी अंगणात ताडपत्रीखाली पडून राहते, म्हणून जे दुकानात सांगतो ते इथे सविस्तर लिहितोय, आणि शेवटी सरकारकडे एक मागणी पण आहे.

आधी स्पष्ट बोलतो. तुम्हाला फक्त लिटरमागे किलोमीटर पाहिजे असतील तर जुन्या जर्मन गाडीच्या नादाला लागू नका, सेकंडहँड छोटी डिझेल हॅचबॅक घ्या, वीसच्या वर आरामात देते. पण ती पण किती दिवस मिळणार? एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आलं तेव्हापासून छोट्या डिझेल गाड्या नव्या मिळणं जवळपास बंदच झालंय, आणि ज्या आहेत त्यांचं कॉमन रेलचं, म्हणजे नव्या पद्धतीचं फार जास्त प्रेशरवर डिझेल फवारणारं, इंजेक्टर एकदा गेलं की खर्चाचा आकडा ऐकून माणूस खाली बसतो. जुनी गाडी रोज वापरायची तर तेल, दुरुस्ती आणि कागदपत्रं असे तीन खर्च एकत्र मांडायला पाहिजेत. पोरं पहिलाच विचारतात, दुसऱ्याचा अंदाज करतात आणि तिसरा त्यांना आरटीओच्या दारात कळतो.

बीटलचं आधी सांगतो कारण सगळ्यांचं मन तिथेच जातं. गाडी गोड आहे यात वादच नाही, जगात २ कोटी १५ लाखांच्या वर बनल्या आणि शेवटची २००३ मध्ये मेक्सिकोत निघाली. इंजिन मागे, हवेवर थंड होणारं, रेडिएटरच नाही. पण आपल्या गावाचा विचार करा की ओ. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला, सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी, हवाच गरम, मग थंड काय होणार. दुसरं म्हणजे ती पेट्रोलवर चालते, कार्बोरेटर, जुन्या रबराचे पाइप, आणि आज पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलला माझा विरोध नाही, आमच्याच जिल्ह्यातला ऊस आहे, कारखान्यांना आणि शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो तर मिळायलाच पाहिजे. पण इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर मऊ करतं, आणि त्याच्यात पेट्रोलपेक्षा ताकद साधारण एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की जुन्या पद्धतीच्या चारचाकीचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्क्यांनी उतरेल. बीटल चांगल्या हालतीत अकरा-बारा देते, त्यातून हे वजा करा. आणि बीटलचा पेट्रोल पाइप इंजिनच्या डोक्यावरून जातो, तो चिरला तर पेट्रोल थेट गरम इंजिनावर पडतं, अशा बीटल जगभर जळालेल्या आहेत. ज्यांना रविवारी चालवायचीय त्यांनी खुशाल घ्यावी, इथेनॉलला टिकणारे पाइप टाकावेत, दरवर्षी बदलावेत. रोज केगाव ते होटगी रोड करायला मी बीटल कुणालाच सांगत नाही.

फोक्सवॅगन गोल्फचं डिझेल १९७६ ला आलं, दीड लिटरचं, ५० हॉर्सपॉवर, मायलेजच्या बाबतीत त्या काळातली ती खरी हुशार गाडी, पंधराच्या आसपास सहज देते. पण आपल्याकडे ती विकलीच नाही, पार्ट कुठून आणणार. बाहेरून मागवायचा विचार तर सोडूनच द्या, वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असली की साध्या नियमात ती भारतात येत नाही. म्हणजे जी गाडी आधीच इथे आहे, इथलं पासिंग आहे, उजव्या हाताचं स्टेअरिंग आहे, त्यातूनच निवडायचं.

आता माझं मत. सोलापुरात रोज वापरायला मर्सिडीजची २४०डी, म्हणजे १९७६ ते १९८६ मधलं डब्ल्यू १२३ मॉडेल. नुसतं नाव मर्सिडीज म्हणून लोक घाबरतात, पण ही गाडी जर्मनीत टॅक्सीला चालायची. मर्सिडीजने १९३६ मध्ये २६०डी काढली तेव्हापासून त्यांची डिझेल गाडी टॅक्सीवाल्यांची आवडती. २४०डी च्याच आधीच्या मॉडेलची एक टॅक्सी ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साचिनिडिस या टॅक्सीवाल्याने ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती मर्सिडीजच्या म्युझियमला दिली. मधे इंजिनं अनेकदा उघडली, बदलली, ते बरोबरच आहे, पण मुद्दा तोच आहे ना, की उघडता येत होतं, बांधता येत होतं आणि परत कामाला लागत होतं.

आणि ते इंजिन आपल्याला परकं नाही. २.४ लिटर, चार सिलिंडर, ओएम ६१६ नावाचं. हेच इंजिन बजाज टेम्पोने, म्हणजे आताच्या फोर्सने, मर्सिडीजकडून घेऊन पुण्यात आकुर्डीला बनवलं आणि ट्रॅक्समध्ये टाकलं. अक्कलकोटला, तुळजापूरला, मंगळवेढ्याला वडापच्या ज्या ट्रॅक्स माणसं दारात लटकवून पळायच्या, त्यांच्या बोनेटखाली याच घराण्याचं इंजिन होतं. म्हणजे २४०डी चं इंजिन उघडायला पुण्या-मुंबईचा माणूस बोलवावा लागत नाही, ज्या मिस्त्रीने आयुष्यभर ट्रॅक्स बांधल्या त्याच्या हाताला ते पाठ आहे. प्रत्येक पार्ट जसाच्या तसा बसेल असं मी म्हणत नाही, माप घेऊनच टाकायचा, पण काय कुठे आहे आणि कशाने बिघडतं हे सगळं माहितीचं. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. इंजिन एकदा चालू झालं की बॅटरी काढून ठेवली तरी चालतं.

माझ्या कामाचं आहे म्हणून नोझलचं जरा जास्त सांगतो. या इंजिनात डिझेल सरळ पिस्टनवर जात नाही, आधी हेडमधल्या छोट्या प्री-चेंबरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे नोझल उघडायला ११५-१२० बारच्या आसपास प्रेशर पुरतं. आजच्या कॉमन रेलमध्ये ते हजार-दीड हजारावर आणि त्याच्याही वर जातं. फरक कुठे पडतो, तर डिझेलात थोडा कचरा, थोडं पाणी आलं की कॉमन रेलचं इंजेक्टर लगेच मरतं आणि नवाच टाकावा लागतो, आणि या जुन्या नोझलचा पुढचा भाग बदलायचा, खाली पातळ वॉशर घालून प्रेशर जुळवायचं, संपलं काम. टेस्टरच्या दांड्यावर हात दिला की चांगला नोझल चर्र चर्र वाजतो आणि तोंडाशी बारीक धुक्यासारखा सरळ फवारा येतो, टोकाला थेंब धरत नाही. थेंब धरला की समजायचं, गाडी काळा धूर मारणार, थंडीत खडखड करणार आणि डिझेल पिणार. मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा, नोझलचा कारखाना आपल्या नाशिकलाच आहे, या कामाची माणसं महाराष्ट्रात कमी नाहीत.

मायलेज किती? खरं सांगायचं तर गावात दहा, हायवेला धरून चालवली तर बारा, त्याच्यावर जो सांगेल तो विकणारा असतो. गाडीचं वजन जवळपास चौदाशे किलो आणि ताकद सुरुवातीच्या मॉडेलला ६५, नंतरच्याला ७२ हॉर्सपॉवर, म्हणजे ओव्हरटेक विचार करून घ्यायचा, मे महिन्यात एसी लावून चार माणसं बसवली की चढाला गाडी कुंथते हे पण आधीच माहीत असू द्या. पण ६५ लिटरची टाकी आहे, एकदा फुल केली की पुण्याला जाऊन येऊन वर पंढरपूरची एकादशी होते.

हे दहा-बारा पण आपोआप मिळत नाहीत. आपल्याकडे एक वाईट सवय आहे, गाडी जरा गरम झाली की मिस्त्री थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवून धरणारा व्हॉल्व्ह, काढून फेकून देतो. काटा खाली येतो, मालक खूश. पण इंजिन मग कायम थंडच चालतं, ८० डिग्रीला पोचायलाच वेळ लागतो, डिझेल नीट जळत नाही, पिस्टनच्या रिंगा लवकर जातात आणि लिटरमागे एक-दीड किलोमीटर तिथेच जातो. गरम होण्याचं कारण रेडिएटर तुंबलेला असतो नाहीतर पंख्याचा क्लच गेलेला असतो, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत बघा की, ते पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरात घातल्यावर दुसरं काय होणार. कूलंट घाला, रेडिएटर साफ करून घ्या, थर्मोस्टॅट जागेवर राहू द्या. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची फट, वेळेवर सेट करा, या इंजिनात ते हातानेच करायचे असतात, लोक विसरतात. मागचे ब्रेक धरून राहिलेत का बघा, सपाटीवर न्यूट्रलला गाडी हाताने ढकलून बघितली तरी कळतं. एवढं केलं की गाडी बोलल्याप्रमाणे मायलेज देते.

घ्यायला जाताना आधी पत्रा, मग इंजिन. इंजिन बांधता येतं, सडलेला पत्रा बांधता बांधता माणूस थकतो. जॅक लावायच्या जागा, पायपुसणं उचलून खालची फरशी, डिकीत स्टेपनीचा खड्डा, मागच्या चाकावरची कमान, इथे स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. मुंबई-कोकणात राहिलेल्या गाडीपेक्षा आपल्या सोलापूर-विजापूर पट्ट्यातली कोरड्या हवेतली गाडी रंग उडालेली असली तरी परवडली. मग इंजिन गरम करा आणि चालू असतानाच ऑइलचं झाकण सैल करून उलटं ठेवा. हलकं थरथरलं तर ठीक, उडून पडलं आणि धूर भकाभका आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनवरचा दाब खाली गळतोय, काम निघणार. चावी बंद करून इंजिन बंद होतंय का बघा, ते व्हॅक्यूमवर, म्हणजे पाइपातून हवा ओढून, बंद होतं, पाइप चिरले की चावी काढली तरी गाडी चालूच राहते, म्हणून इंजिनावर एक दांडा दिलेला असतो, त्याच्यावर स्टॉप लिहिलेलं असतं, तो दाबायचा. तो दाबून दाबून रंग गेलेला असेल तर व्हॅक्यूमचं काम कित्येक दिवस कुणी केलेलं नाही हे मालकाने सांगायची गरज नाही. आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळवा. ट्रॅक्स-मॅटाडोरची इंजिनं अशा गाड्यांत टाकायची पद्धत होती, टाकलं त्यात वाईट काही नाही, पण कागदावर चढवलेलं नसेल तर पासिंगला घोडं अडतं.

आता कागदं, आणि माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे. बऱ्याच पोरांना वाटतं गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवली की काम झालं. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेजचे नियम आणले, त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी पाहिजे, नवीन नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत आणि नंबरात व्हीए ही अक्षरं. पण त्याच नियमात आहे की अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, तेल भरणं एवढ्यापुरतीच. म्हणजे रोज चालवायची तर व्हिंटेज नोंदणी करायचीच नाही, साधं पासिंग चालू ठेवायचं, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण.

आणि त्या नूतनीकरणाची फी बघा. २०२२ मध्ये साध्या कारची ५ हजार आणि इम्पोर्टेड गाडीची ४० हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांच्या वरच्या गाड्यांना साध्या कारची १० हजार आणि इम्पोर्टेडची ८० हजार केली. २४०डी आरसीवर इम्पोर्टेड, म्हणजे ८० हजार. पाच वर्षांना ८० हजार म्हणजे वर्षाला १६ हजार, गाडी वर्षाला दहा हजार किलोमीटर चालली तर किलोमीटरला १ रुपया ६० पैसे नुसती फी, पर्यावरण कर वेगळा. आता मायलेजशी लावून बघा. डिझेल ९० रुपये धरलं, तर दहाच्या मायलेजला किलोमीटरला ९ रुपये पडतात, बाराच्या मायलेजला ७ रुपये ५० पैसे. म्हणजे तुम्ही जीव ओतून गाडीचं मायलेज दोनने वाढवलं तर वाचले १ रुपया ५० पैसे, आणि फीने घेतले त्याच्यापेक्षा जास्त. हा हिशोब पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवला की पोरं गप्प होतात.

म्हणून ज्यांना ८० हजार जड जातात त्यांना मी दुसरी गाडी सांगतो, मर्सिडीजचीच डब्ल्यू १२४ ची ई २५० डिझेल, जी १९९५ पासून पुण्यात बनली. ती आरसीवर इम्पोर्टेड नाही, तिला १० हजारवाली फी लागते, मायलेजही थोडं जास्तच आहे, हायवेला चौदापर्यंत जाते. वयाने ती व्हिंटेज म्हणता येणार नाही, आणि तिचं इंजिन ट्रॅक्सच्या घराण्यातलं नाही, मिस्त्री शोधावा लागतो. पेट्रोलची ई २२० मात्र टाळा, त्या वर्षांतल्या पेट्रोल इंजिनच्या वायरिंगचं आवरण भुगा होऊन पडतं, वर ई-२० आहेच.

लोक म्हणतील जुनं डिझेल म्हणजे धूर, प्रदूषण, कशाला असल्या गाड्यांची बाजू घेता. धूर मारणाऱ्या गाडीची बाजू मी घेणारच नाही. या गाड्यांना नव्या गाड्यांसारखा फिल्टर नाही, त्या नव्याएवढ्या स्वच्छ होणार नाहीत हे मान्य आहे, आणि हजारोंनी त्या रस्त्यावर याव्यात असं पण माझं म्हणणं नाही. पण पंप कॅलिब्रेट केलेला, नोझल चांगला, टॅपेट बरोबर असली २४०डी पीयूसीच्या ६५ एचएसयूच्या (धुराच्या काळेपणाचं माप) मर्यादेत आरामात बसते, आणि तिच्या निम्म्या वयाचे टेम्पो सोलापूर शहरात काळा धूर सोडत फिरतात, त्यांच्या मागे दुचाकीवर असलेल्या माणसाला डोळे उघडता येत नाहीत. त्यांना हटकणारं कुणी नाही आणि जो माणूस जुनी गाडी नीट जपून, रीतसर पासिंग करून चालवतो त्याच्याकडून ८० हजार, हा कुठला न्याय?

माझी मागणी एवढीच आहे. फी गाडीच्या वयावर आणि इम्पोर्टेड शिक्क्यावर लावण्याऐवजी धुरावर आणि फिटनेसवर लावा. तपासणी कडक करा, पीयूसी गाडी न बघता देणाऱ्यांची सेंटरं बंद करा, जी गाडी पास होत नाही ती वीस वर्षांची असो नाहीतर आठ वर्षांची, रस्त्यावरून काढा. आणि जी पास होते, जिचा मालक व्हिंटेजची सवलत मागत नाही, रोज कामाला नेतो, तिला साध्या कारचीच १० हजार फी ठेवा. हा बदल केंद्राच्या नियमात करावा लागेल, म्हणून सोलापूर आणि माढा या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी हा विषय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे मांडावा अशी तुमच्या पेपरमार्फत विनंती. तोपर्यंत ज्यांना गाडी घ्यायचीय त्यांनी बयाणा देण्याआधी आरसीवर इम्पोर्टेड लिहिलंय का आणि नूतनीकरण कधी संपतंय या दोन गोष्टी वाचाव्यात, मगच बोनेट उघडावं.

आपला नियमित वाचक,
एक पंप-नोझल मिस्त्री,
सोलापूर